केबलवाल्याची एक वायर आणि घरातले चार कॉम्प्युटर

केबलवाल्याचा माणूस येतो, दाराच्या चौकटीवरच्या भोकातून वायर आत घेतो, टीव्हीच्या मागे एक बॉक्स ठोकतो आणि स्वतःच्या मोबाइलवर स्पीड दाखवून सही घेऊन जातो. हॉलमध्ये नेट चाललं की त्याच्या लेखी जोडणी पूर्ण झाली. पण आतल्या खोलीत बसून जीएसटीचं रिटर्न भरणाऱ्याचं पान मध्येच अडकतं, मुलीचा ऑनलाइन तास तुटतो आणि प्रिंटर कधी दिसतो, कधी दिसत नाही. मग ‘प्लॅन वाढवू या’ असं ठरतं. बहुतेक वेळा प्लॅनमध्ये काही कमी नसतं. अडचण असते ती हॉलमधल्या बॉक्सपासून पुढच्या वीस-पंचवीस फुटांत.

डोंबिवलीतल्या आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एक डेस्कटॉप, दोन लॅपटॉप, आईचा जुना कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर एकाच जोडणीवर चालतात. ते नीट बसवताना, आणि नंतर शेजारच्या घरांत तेच करून देताना, माझे दोन नियम पक्के झाले. घरात कॉम्प्युटरना नेटवर्कचे पत्ते वाटणारं यंत्र एकच असावं. आणि जे यंत्र जागेवरून हलत नाही, ते वायरवर असावं. खाली जे सांगितलं आहे ते सगळं या दोन नियमांतून येतं.

आधी वायर ओळखा

घरात येणारी वायर तीनपैकी एका प्रकारची असते.

टीव्हीच्या केबलसारखी जाड, गोल, काळी आणि टोकाला आटे फिरवून बसवायची असेल, तर ती कोॲक्स. तिला केबल मोडेम, म्हणजे केबलवरचा सिग्नल कॉम्प्युटरला समजेल असा करणारा बॉक्स, लागतो. ही पद्धत डॉक्सिस नावाच्या मानकावर चालते आणि त्याची पहिली आवृत्ती १९९७ सालची आहे. यात एका भागातली बरीच घरं एकाच केबलची क्षमता वाटून घेतात, म्हणून संध्याकाळी सगळे घरी आले की स्पीड उतरतो. घरात टीव्हीसाठी स्प्लिटर (एका वायरचे फाटे करणारा तुकडा) लावला असेल तर तो सिग्नल निम्मा करतो. दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये साधारण साडेतीन डेसिबल जातात. त्यामुळे मोडेम नेहमी पहिल्या स्प्लिटरवरून थेट घ्यावा आणि टीव्हीच्या फाट्यांवर फाटे त्यानंतर पडू द्यावेत. स्प्लिटर लावून दुसऱ्या खोलीत दुसरा मोडेम जोडला तर तो चालत नाही, कारण ऑपरेटरकडे नोंद फक्त तुमच्या एका मोडेमची असते.

दुसरा प्रकार म्हणजे गच्चीवरच्या किंवा जिन्यातल्या पेटीतून थेट येणारी लॅन केबल, टोकाला पारदर्शक प्लॅस्टिकचा आठ पितळी पट्ट्यांचा कनेक्टर. इथे मोडेम नसतोच.

तिसरी म्हणजे बारीक फायबर, निळ्या किंवा हिरव्या टोकाची. ती ओएनयू नावाच्या, प्रकाशाचा सिग्नल विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या बॉक्समध्ये जाते. शहरांतल्या नव्या जोडण्या आता बहुतेक याच प्रकारच्या असतात. फायबरला काटकोनात मुरड घालू नका, कपाटाच्या मागे चेपू नका आणि तिच्या उघड्या टोकात डोकावून पाहू नका. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

तिन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखी असते. ऑपरेटर तुमच्या घराला एकच पत्ता देतो.

एक पत्ता, अनेक यंत्रं

सोसायटीला पोस्टाच्या दृष्टीने एकच पत्ता असतो, आत मात्र साठ फ्लॅट असतात. कुणाचं पार्सल कुठल्या मजल्यावर द्यायचं हे वॉचमन लक्षात ठेवतो. घरातला राउटर हेच काम करतो. बाहेर तो एकच पत्ता दाखवतो आणि आत प्रत्येक कॉम्प्युटरला वेगळा खासगी पत्ता देतो. १९२.१६८ ने सुरू होणारे हे पत्ते १९९४ पासून खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, म्हणूनच तुमच्या आणि शेजारच्या घरात तेच आकडे असले तरी काही बिघडत नाही.

दुकानात सहाशे-आठशे रुपयांचा स्विच मिळतो. ऑपरेटरची वायर त्यात लावून दोन कॉम्प्युटर जोडून बघावेत असं अनेकांना वाटतं. स्विच पत्ते वाटत नाही, तो फक्त फाटे फोडतो. पहिला कॉम्प्युटर लॉगिन करतो आणि दुसऱ्याला ६९१ नंबरची एरर येते, कारण एका खात्यावर एकाच वेळी एकच लॉगिन चालतं. एके काळी यावर उपाय म्हणजे एका कॉम्प्युटरमध्ये दोन लॅन कार्डं घालायची आणि त्यातून दुसऱ्याला नेट द्यायचं. १९९९ मध्ये आलेल्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून तशी सोय होती. पण पहिला कॉम्प्युटर बंद केला की दुसऱ्याचं नेट जायचं. आज ते करण्याचं काही कारण नाही.

म्हणून क्रम असा ठेवायचा: ऑपरेटरची वायर, मग मोडेम किंवा ओएनयू, मग राउटर, मग लागला तर स्विच आणि शेवटी कॉम्प्युटर.

आता तुमच्या ऑपरेटरचा बॉक्स नीट उलटून बघा. त्याच्या मागे चार लॅन पोर्ट आणि वर वाय-फायचे अँटेना असतील तर राउटर त्याच्यातच आहे. मग वेगळा राउटर विकत घेऊ नका. चार कॉम्प्युटरना ते चार पोर्ट पुरतात. फक्त एक बघा: काही ओएनयूवर एकच पोर्ट गिगाबिटचा, म्हणजे हजार एमबीपीएसचा, असतो आणि बाकीचे शंभरचे. प्लॅन शंभर एमबीपीएसच्या वरचा असेल तर त्या गिगाबिट पोर्टला गिगाबिट स्विच लावून बाकी सगळं स्विचवर घ्यावं.

वेगळा राउटर लागणारच असेल, तर एका बाबतीत अजिबात चूक होऊ देऊ नका. ऑपरेटरकडून येणारी वायर राउटरच्या वॅन पोर्टमध्येच, म्हणजे बाहेरचं नेट आत घेणाऱ्या तोंडात, जायला हवी. तो पोर्ट बहुधा वेगळ्या रंगाचा असतो. लॅन केबलवरची जोडणी असेल आणि ती वायर चुकून लॅन पोर्टमध्ये गेली, तर तुमचा राउटर उलट्या दिशेने, म्हणजे बिल्डिंगच्या जाळ्यात पत्ते वाटायला लागू शकतो. आमच्या बिल्डिंगमध्ये एकदा सकाळपासून कुणाचंच नेट चालेना. संध्याकाळी कळलं की तिसऱ्या मजल्यावर नवा राउटर असाच उलटा लागला होता. वायर योग्य पोर्टमध्ये गेली आणि पाच मिनिटांत सगळं सुरू झालं.

वायर टाकणं

या कामाला वेळ द्या. इथे घालवलेला एक रविवार पुढची दहा वर्षं पुरतो.

कागदावर घराचा नकाशा काढा आणि कुठलं यंत्र कुठे बसणार ते लिहा. राउटरपासून प्रत्येक जागेपर्यंतचं अंतर भिंतीच्या कडेने मोजा, हवेतून सरळ नाही. वर-खाली आणि वळणांसाठी दोन मीटर जास्त धरा. एका लांबीला शंभर मीटरची मर्यादा आहे, त्यामुळे फ्लॅटमध्ये अंतराची काळजी नको.

केबल कॅट-६ घ्या. कॅट-५ई सुद्धा एक गिगाबिट नेते, पण किमतीत आता फार फरक राहिलेला नाही. खरी काळजी वेगळी आहे. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास विकली जाते. हातात हलकी लागते, स्वस्त असते. ब्लेडने आतली तार हलकेच खरवडा: आतून पांढरी निघाली तर ती परत करा. अशी तार वळणावर तुटते, कनेक्टरमध्ये सैल पडते आणि बिघाड असा येतो की तो सापडतच नाही. शुद्ध तांब्याची केबल मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या.

जुन्या फ्लॅटमध्ये लँडलाइन फोनसाठी किंवा टीव्हीसाठी भिंतीत पाइप टाकलेले असतात. फोन बंद पडून वर्षं झाली असतील, पण तो पाइप सोन्यासारखा आहे. जुन्या वायरच्या टोकाला नवी केबल चिकटपट्टीने घट्ट, निमुळती बांधा. एकाने इकडून ढकलायचं आणि दुसऱ्याने तिकडून ओढायचं. जोर लावायचा नाही, अडली तर थोडी मागे घेऊन परत. पाइप नसेल तर स्कर्टिंगच्या वरून प्लॅस्टिकची केसिंग पट्टी लावा. विजेच्या वायरिंगच्या पाइपमधून लॅन केबल कधीही नेऊ नका: त्यात धोका आहे आणि सिग्नलही बिघडतो. विजेची लाइन ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

कनेक्टर लावायला क्रिम्पिंग टूल लागतं. जवळच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माणूस थोड्या पैशांत लावून देतो, पण शिकून घेण्यासारखी ही गोष्ट आहे. वरचं आवरण साधारण दोन सेंटिमीटर सोला. आत चार जोड्या पिळलेल्या दिसतील. त्या उलगडून सरळ करा. कनेक्टरची खटक्याची बाजू खाली आणि केबल घुसायचं तोंड तुमच्याकडे धरा. आता डावीकडून उजवीकडे क्रम असा:

१. पांढरा-नारिंगी
२. नारिंगी
३. पांढरा-हिरवा
४. निळा
५. पांढरा-निळा
६. हिरवा
७. पांढरा-तपकिरी
८. तपकिरी

दोन्ही टोकांना हाच क्रम. हिरव्या जोडीच्या पोटात निळी जोडी येते, घोळ तिथेच होतो. आठही तारा एका रेषेत कापा, शेवटपर्यंत आत सारा, समोरून पाहून आठही टोकं दिसतात याची खात्री करा आणि बाहेरचं आवरणही कनेक्टरच्या आत थोडं गेलेलं असू द्या. मगच टूल दाबा. आवरण बाहेर राहिलं तर ओढ सगळी बारीक तारांवर येते आणि महिन्याभरात संपर्क तुटतो.

वायर नीट बसली का, हे कॉम्प्युटरच सांगतो. विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट असं गेल्यावर लिंक स्पीड दिसतो. दोन्ही बाजूंना गिगाबिट पोर्ट असूनही तिथे १०० दिसत असेल, तर आठपैकी एखादी तार लागलेली नाही. शंभरला चार तारा पुरतात, हजारला आठही लागतात. म्हणून नेट ‘चालतं’ आणि माणूस फसतो: तीनशेचा प्लॅन घेऊन तो वर्षभर चौऱ्याण्णव-पंच्याण्णवचा स्पीड वापरत राहतो.

राउटर लावणं

कोॲक्सच्या जोडणीत मोडेम पहिल्यांदा ज्या यंत्राला जोडला त्याचीच ओळख धरून बसतो. म्हणून आधी मोडेम बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, राउटर जोडा, मोडेम सुरू करून दिवे स्थिर होऊ द्या आणि मग राउटर सुरू करा. तरीही नेट आलं नाही तर राउटरमध्ये ‘मॅक क्लोन’ नावाचा, जुन्या यंत्राची ओळख राउटरला देणारा पर्याय असतो. आधी जो कॉम्प्युटर जोडलेला होता त्यावरूनच तो वापरा, किंवा ऑपरेटरला फोन करून नव्या यंत्राची नोंद करायला सांगा.

लॅपटॉप वायरने राउटरच्या लॅन पोर्टला जोडा. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर पत्ता लिहिलेला असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. तो ब्राउझरमध्ये इंग्रजी अंकांत टाइप करा. सर्वांत आधी ॲडमिनचा पासवर्ड बदला. मग वॅनचा प्रकार निवडा. ऑपरेटरने युजरनेम-पासवर्ड दिला असेल तर पीपीपीओई. काही दिलं नसेल तर डायनॅमिक. आकड्यांची चिठ्ठी दिली असेल तर स्टॅटिक. हा युजरनेम-पासवर्ड ऑपरेटरकडून लेखी मागून घ्या, फोनवर ऐकून लिहिलेल्यात चूक राहते. पीपीपीओई राउटरने केल्यावर कॉम्प्युटरवरचा जुना डायलर (लॉगिन करणारा प्रोग्राम) काढून टाका, नाहीतर दोघं एकाच लॉगिनसाठी भांडत राहतात.

वाय-फायला सुरक्षा डब्ल्यूपीए-२ किंवा ३ ठेवा, डब्ल्यूपीएस (पासवर्डशिवाय जोडायची सोय) बंद करा आणि पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं काढा. पाहुण्यांचा मोबाइल आणि तुमचा हिशेबाचा कॉम्प्युटर एकाच जाळ्यात असायची गरज नाही.

दुसरा राउटर, आणि तिथली नेहमीची फसगत

आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून माणूस जुना राउटर काढतो, हॉलमधून वायर आणून त्याच्या वॅन पोर्टमध्ये लावतो. नेट येतं. पण आता घरात पत्ते वाटणारे दोन झाले. हॉलमधला लॅपटॉप एका जाळ्यात, आतला प्रिंटर दुसऱ्या. ‘प्रिंटर दिसत नाही’ या तक्रारीचं मूळ मला सर्वांत जास्त वेळा इथेच सापडलं आहे.

उपाय दहा मिनिटांचा आहे. जुन्या राउटरला लॅपटॉप जोडून त्याच्या सेटिंगमध्ये जा. ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, काम झालं. नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता बदला: मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, आणि मुख्य राउटर ज्या आकड्यांतून पत्ते वाटतो त्यात हा आकडा येत नाही हे बघून घ्या. मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणं, बंद करा. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरसारखंच ठेवा. आता हॉलमधली वायर याच्या लॅन पोर्टमध्ये लावा, वॅन पोर्ट रिकामा सोडा. हा राउटर आता फक्त स्विच आणि वाय-फायचा खांब झाला.

मेश (वायरशिवाय एकमेकांशी बोलणारे राउटर) किंवा रिपीटर घ्यावा का, असं मला विचारतात. वायर टाकणं अशक्य असेल तरच. साधा रिपीटर तोच सिग्नल ऐकतो आणि पुन्हा बोलतो, त्यात स्पीड साधारण निम्मा होतो. वायरवर बसवलेला जुना राउटर त्याच्यापेक्षा कितीतरी चांगला.

मुख्य राउटर टीव्ही युनिटच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर ठेवू नका. आपल्या विटांच्या भिंती आणि आरसीसीचे खांब ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल पटकन खातात. २.४ चा सिग्नल लांब जातो, पण बिल्डिंगमध्ये सगळे त्याच पट्ट्यात असतात. तिथे १, ६ आणि ११ हेच तीन चॅनल एकमेकांवर न चढता चालतात. मोबाइलवर वाय-फाय ॲनालायझरचं ॲप घालून त्यातला मोकळा बघा आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवा.

प्रिंटर आणि फाइली

प्रिंटरला राउटरमध्ये कायमचा पत्ता राखून ठेवा. डीएचसीपीच्या पानावर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ असतं. हे केलं नाही तर लाइट जाऊन आल्यावर त्याचा पत्ता बदलतो आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत बसतो. विंडोजमध्ये घरचं नेटवर्क ‘प्रायव्हेट’ म्हणून निवडा, तरच कॉम्प्युटर एकमेकांना दिसतात. फोल्डर शेअर करताना सगळ्यांना मोकळं सोडू नका. एक वेगळं युजर खातं पासवर्डसह काढून त्यालाच परवानगी द्या.

नेट गेलं तर कुठून बघायचं

आतून बाहेर जायचं. कॉम्प्युटरला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही: वायर, पोर्ट किंवा स्विच तपासा. पत्ता बरोबर असेल तर कमांड प्रॉम्प्टमधून राउटरला पिंग करा, म्हणजे त्याच्याकडून उत्तर येतं का ते विचारा. उत्तर आलं तर घरातलं जाळं ठीक आहे. मग ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग करा. तिथूनही उत्तर येतं आणि तरी वेबसाइट उघडत नसतील तर दोष डीएनएसचा, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधण्याच्या सोयीचा. राउटर उत्तर देतो आणि ८.८.८.८ देत नाही, तेव्हा ऑपरेटरला फोन करायचा, आणि हेच शब्द सांगायचे. ‘नेट चालत नाही’ म्हटलं की तुम्हाला बॉक्स बंद-चालू करायला सांगतील.

सगळ्या घराचं नेट एकदम बंद पडलं आणि स्विचचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकत असतील, तर कुणीतरी एकाच वायरची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये लावली आहेत का ते बघा. साफसफाईनंतर हे हमखास होतं.

स्पीड मोजताना नेहमी वायरवरच्या कॉम्प्युटरवर मोजा. आणि एकक बघा: १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइटने उतरते. स्पीड पूर्ण येतो, तरी व्हिडिओ कॉल अडखळतो, असं असेल तर कुणाच्या तरी मोबाइलवरून फोटोंचा बॅकअप चढत असतो. कोॲक्सवर चढता वेग कमीच असतो. बॅकअप रात्रीवर टाका, किंवा राउटरमध्ये क्यूओएस (कुणाला आधी नेट द्यायचं ते ठरवण्याची सोय) असेल तर कामाच्या कॉम्प्युटरला प्राधान्य द्या.

लाइट आणि पाऊस

लाइट जाणाऱ्या भागात राउटर आणि ओएनयूसाठी छोटा डीसी यूपीएस घ्या. घेण्याआधी दोन्हींचे ॲडॅप्टर वाचा: एक १२ व्होल्टचा, दुसरा ९ चा असू शकतो, आणि पिनही वेगळी असू शकते. फायबरच्या जोडणीत वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे घरात बॅकअप असला की नेट बहुधा चालू राहतं. लॅन केबल किंवा कोॲक्सच्या जोडणीत जिन्यातल्या स्विचला किंवा अँप्लिफायरला वीज लागते. तिथे बॅकअप आहे का, हे ऑपरेटरला आधी विचारा.

जूनपासून विजा कडाडायला लागल्या की गच्चीवरून येणारी तांब्याची वायर काढून ठेवा, प्लगसकट. फक्त बटण बंद करून भागत नाही. विजेचा लोट त्या वायरमधून राउटरमध्ये आणि तिथून लॅन कार्डात जातो. वायर खिडकीतून आत येत असेल तर भोकाच्या बाहेर तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथून गळेल आणि आत शिरणार नाही.

शेवटचं काम पाच मिनिटांचं. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळून त्यावर खोलीचं नाव लिहा. राउटरचा पत्ता, ॲडमिनचा पासवर्ड, पीपीपीओईचं युजरनेम आणि ऑपरेटरचा नंबर एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. तुम्ही गावाला गेलेले असताना घरच्यांना तोच लागेल.